झान झुआंग करताना या चुका टाळा

झान झुआंग म्हणजे खांबासारखं निश्चल उभं राहणं. वांग शियांगझाई (१८८५–१९६३) यांनी शिंग-यी या चिनी युद्धकलेतून यीचुआन ही नवी युद्धकला घडवली ती याच उभं राहण्याच्या पायावर. दिसायला सोपं, म्हणूनच बिघडतं.

पहिला बळी गुडघ्यांचा. खोल बसलं की ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, जास्त मिळते, हा गैरसमज. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, समांतर ठेवा. गुडघा थोडाच वाकवा. तो अंगठ्यापुढे जाऊ नये, आतही पडू नये. मांड्या थरथरल्या तर चालेल, सांधा दुखला तर चालणार नाही. लगेच दोन-तीन इंच वर या. सुरुवातीला ५ मिनिटं पुष्कळ झाली.

माकडहाड जबरदस्तीने पुढे ओढू नका, कंबर कडक होते. उंच स्टुलाच्या कडेवर टेकतोय असं समजा. हात झाडाला कवटाळल्यासारखे, पण कोपरं खांद्यांच्या खाली. खांदे वर चढत असतील तर हात बेंबीच्या पातळीला आणा.

सगळ्यात घातक चूक श्वासाची. दानतियन, म्हणजे ‘ची’चं केंद्र, बेंबीखाली तीन-चार बोटांवर, पोटाच्या आत मानतात. तिथे श्वास दाबून कोंडला की डोकं जड होतं, छातीत घट्टपणा येतो. श्वास घेताना पोट आत घेण्याचा उलटा श्वास ही पुढची पायरी. आधी श्वास आपसूक चालू द्या. अति साधनेने बिघडलेल्या अवस्थेला चिनी लोक ‘झोउ हुओ रु मो’ म्हणतात: आग भरकटली, सैतान शिरला. झोप उडाली, धडधड वाढली तर साधना थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब असेल तर श्वास कोंडणं वर्ज्यच.

तळहात गरम झाले, मुंग्या आल्या म्हणजे ‘ची’ जागी झाली असं नाही. एकाच हाताला मुंग्या येत असतील तर बहुधा नस दबलीय. हात खाली घ्या.

खरी परीक्षा वेगळी. साथीदाराला तुमच्या हातांवर हळूहळू जोर वाढवायला सांगा. तो जोर पाठ-कमरेतून पायांत उतरला पाहिजे. खांदा मागे गेला, टाच उचलली की कच्चा दुवा तिथेच. फा-जिन म्हणजे जोर फेकणं; तेव्हा हाच रस्ता उलटा चालतो: पाय, कंबर, मग हात. पण नुसतं उभं राहून तो येत नाही. शी-ली, म्हणजे त्याच ठेवणीतली संथ हालचाल, आणि तुई-शौ, म्हणजे जोडीने ढकलण्याचा सराव, ही जोड हवीच.