टपलला नावं दिली आणि क्रम विसरलो

टपल म्हणजे क्रमाने ठेवलेल्या, न बदलणाऱ्या मूल्यांची यादी. नोंद[२] (शून्यापासून मोजून तिसरं मूल्य) म्हणजे नेमकं काय, हे स्वतःच्याच कोडमध्ये वर जाऊन शोधायचा कंटाळा आला, तेव्हा मी पायथनच्या नेम्डटपलकडे, म्हणजे प्रत्येक जागेला नाव असलेल्या टपलकडे, वळलो. नोंद.दाब लिहिलं की काम झालं. ही सोय पायथन २.६ पासून आहे, ३.६ पासून क्लाससारखं लिहून प्रत्येक फील्डला टाइपही देता येतो. नव्याने शिकत असाल तर थेट हीच पद्धत उचला, जुनी वाचता आली की पुरे.

आता मी कुठे आपटलो ते. माझ्या सेन्सरच्या नोंदीत तीन फील्ड होती: वेळ, तापमान, दाब. पुढे आर्द्रता हवी झाली. तापमानाशेजारी शोभते म्हणून ती मध्येच घुसवली. नावानेच तर वाचतोय, क्रमाचं काय एवढं! पण सगळा कोड नावाने वाचत नव्हता. जिथे टपल तीन व्हेरिएबलांत उलगडला होता तिथे लगेच एरर आली. ते दहा मिनिटांत निस्तरलं. एका जुन्या फंक्शनमध्ये मात्र नोंद[२] तसंच पडून होतं. तिथे एरर नाही, वॉर्निंग नाही. दाबाच्या रकान्यात मुकाट्याने आर्द्रता येत राहिली, १०१३ च्या जागी ६२. दोन दिवस मी सेन्सरलाच शिव्या घालत होतो.

नावं वरवरची, आत साधा टपलच बसलेला असतो. तुलनासुद्धा जागेनुसारच होते: बिंदू(३, ४) आणि आकार(३, ४) समान ठरतात. जेसन (डेटा मजकूर म्हणून साठवायचा फॉरमॅट) केलंत की नावं गळून नुसती यादी उरते. म्हणून नवं फील्ड शेवटीच टाका, डिफॉल्ट देऊन. उलगडणारा कोड तरीही मोडेल, पण तो ओरडून मोडतो, म्हणून परवडतो.

'डेटाक्लास वापर' एवढंच म्हणून निघून जाणारे सीनियर भेटतील. सल्ला चुकीचा नाही. फील्ड वाढतच जाणार असतील तर ३.७ मध्ये आलेला डेटाक्लासच (फील्डांची यादी दिली की तयार होणारा क्लास, जो टपल नसतो) बरा, त्याला इंडेक्स लावलात तर टाइपएरर येतो. पण हे कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कारणाशिवायचा सल्ला मला पचत नाही.

आणखी एक: नेम्डटपलमधलं फील्ड बदलायला वापरतात तो अंडरस्कोर-रिप्लेस (_replace) मूळ नोंद बदलत नाही, नवी देतो. ती पकडायला विसरलात तर घाबरू नका, सगळे एकदा विसरतात.

जुना कोड हाती आला की मी अजून आधी चौकोनी कंसातले आकडे शोधतो. परवा आणखी एक सापडला. माझाच होता.