घसादुखीनंतर येणारी मूत्रपिंडाची सूज कशी ओळखावी
स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा धरल्यानंतर साधारण १ ते २ आठवड्यांनी, किंवा त्वचेवर पुवाळलेले फोड येऊन गेल्यावर ३ ते ६ आठवड्यांनी, मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी दिसू लागली आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज जाणवली, तर मूत्रपिंडाच्या गाळणीला सूज आल्याची शंका घ्यावी. घसा तोवर बरा झालेला असल्याने पालक दोन्हींचा संबंध जोडत नाहीत, हे मला सर्वांत काळजीचे वाटते. ५ ते १२ वर्षांची मुले, दाटीवाटीची वस्ती आणि चिघळलेली खरूज येथे धोका अधिक असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे; तीव्र डोकेदुखी किंवा झटके आल्यास थेट रुग्णालय गाठावे. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात, तरी लघवीची तपासणी काही महिने चालू ठेवावी.