रानातल्या झाडांची नोंद करताय? या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी-मोलेच्या रानात प्रकल्पासाठी जाणारी मुलं झाडं मोजायचा पहिला चौकोन हमखास पायवाटेला लागूनच आखतात. वाटेकडेला ऊन जास्त, गुरांची ये-जा जास्त, त्यामुळे तिथे रानमोडी हे तण माजलेलं. मग अहवालात अख्खं रानच रानमोडीने व्यापलेलं ठरतं! जागा आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. निघालेली जागा काटेरी आहे म्हणून ऐनवेळी बदलू नका.

उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजू नये. ३० अंशांच्या चढावर असे २० मीटर मोजले, तर आडवं अंतर १७.३ मीटरच भरतं. चौकोन आक्रसतो आणि झाडं विरळ वाटतात. टेप आडवा ताणून टप्प्याटप्प्याने मोजा. खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर, तोही चढाच्या बाजूने.

सगळ्यात महाग पडते ती हंगामाची चूक. जळवा संपल्या, वाटा सुकल्या की डिसेंबरात लोक निघतात. तोवर रानहळद, तेरडे, जमिनीवरची आमरी (ऑर्किड) जमिनीआड गेलेली किंवा सुकलेली असतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तर आणखी गंमत: ऑगस्टमध्ये बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही इवली रोपं दाटीने फुलतात, मार्चमध्ये तोच सडा काळा कातळ होतो आणि नोंदवहीत 'पडीक' म्हणून चढतो. एक फेरी भर पावसात हवीच, जळवा चावल्या तरी.

नुसत्या पानावरून नाव ठोकून देण्याची घाईही नडते. माट्टी आणि किंदळ ही झाडं एकाच कुळातली. माट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी तडकलेली आणि फळाला पाच पंख. किंदळाच्या फळाला तीन, त्यातला एक मोठा. फळ मिळेपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह राहू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी कवंडळं, कांगण्यो ही वेलींची रानफळं आणणाऱ्या बायाबाप्यांना विचारल्याशिवाय वेलींची यादी पुरी समजू नका. वेली कुठे चढतात, कधी धरतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. मात्र स्थानिक नाव लिहाल तिथे गावाचं नावही लिहा, कारण पलीकडच्या वाड्यावर तेच नाव दुसऱ्या झाडाला असू शकतं.

अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. देवाच्या राईत गावकऱ्यांना विचारूनच पाऊल टाका. कित्येक रायांत पानही तोडत नाहीत, तिथे फोटोवर भागवा. बाकी ठिकाणचे नमुने वर्तमानपत्रात दाबून ठेवलेत तर पावसाळ्यात कागद रोज बदला. दोन दिवस विसरलात की बुरशी धरते.