पोरं वाचत नाहीत? आधी "किती पानं झाली" विचारणं बंद करा

दोन वर्षांपूर्वी लेकाच्या वाढदिवसाला मी पुस्तकांचा सेट आणला, चांगला दीड हजाराचा, आणि तो पुढच्या वाढदिवसापर्यंत प्लास्टिकमध्येच. एकच पुस्तक उघडलं होतं त्यातलं, आणि मी रोज मागे, किती पानं झाली, काय कळलं, सांग बघू गोष्ट. मला कोणी सिरीयल संपल्यावर अशी तोंडी परीक्षा घेतली असती ना, तर मी टीव्ही विकून टाकला असता.

तर पहिलं हेच, प्रश्न बंद. सारांश लिहून घेणं तर अजिबात नको.

मग लायब्ररी लावा. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, नाहीतर तुमच्या एरियातली कुठलीही चालेल, पण रॅकपाशी पोराला एकट्याला सोडा आणि आपण लांब उभं राहा. भुतांचं घेतलं, क्रिकेटचं घेतलं, नववीतल्या मुलीनं चौथीचं कॉमिक उचललं तरी तोंड वाकडं करायचं नाही. आमच्याकडे आधी सापांचं पुस्तक आलं, ते अर्ध्यात सोडलं, मला जाम राग आला पण गप्प बसले. विकत आणलेलं सोडलं की आपला जीव जळतो, लायब्ररीचं काय, बदलून आणायचं. आणि अर्धवट सोडायची मुभा नसेल तर पोरं सुरूच करत नाहीत हो.

लहान असतील तर वाचून दाखवा, स्वतःचं स्वतः वाचता यायला लागल्यावरसुद्धा. इथेच आपण चुकतो, "आता येतं ना तुला, वाच की" म्हणून मोकळे होतो, पण ते बिचारं अक्षरं जुळवण्यातच दमतं, गोष्ट राहते बाजूला. इंग्लिश मीडियमवाल्यांचं तर जोडाक्षरापाशी गाडं अडतं. रोज रात्री १० मिनिटं, आवाजबिवाज काढून, आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचं. भाची राहायला आली होती तेव्हा मी विहिरीतून कोणीतरी ओरडतं तिथे थांबले, तर सकाळी पोह्यांची फोडणी चालू असताना पुस्तक घेऊन ओट्याशी हजर, आत्या कोण होतं ते सांग नाहीतर मी दात घासणार नाही. म्हटलं माझे हात हळदीचे आहेत, तूच बघ. बसली तिथेच फरशीवर, बोट ठेवत ठेवत वाचत.

खर्च नको असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासूनचं, जुने अंक नेटवर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर पण मराठी गोष्टी आहेत, लेव्हलप्रमाणे लावलेल्या.

टीनेजर म्हणजे फोन आलाच. आमच्याकडे रात्री १० नंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, माझासुद्धा, नाहीतर ते ऐकणारच नाहीत. पहिले चार दिवस नुसती धुसफूस, पाचव्या दिवशी लेकानं कंटाळून उशाशी ठेवलेलं पुस्तक उचललं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

आता बॅगेत दोघांची दोन पुस्तकं असतात. परवा लोकलने ठाण्याहून कोपरखैरण्याला मावशीकडे निघालो होतो, ऐरोली गेलं, रबाळे गेलं, घणसोली गेलं, त्याची मान वर नाही, मला बरं वाटलं म्हणून मी पण माझं उघडलं. उतरलो थेट वाशीला.