फीड रीडरला स्वतःची सीएसएस कशी लावायची

पर्सनल प्रोजेक्ट म्हटलं की आपण वेब डिझायनर लोक पुन्हा एकदा पोर्टफोलिओच नव्याने करायला घेतो, आणि तो अर्धवट पडतो. त्यापेक्षा रोज ज्यात डोकं घालता तो फीड रीडर, म्हणजे आवडत्या साइटचे नवे लेख एका जागी आणणारं अ‍ॅप, घ्या आणि त्याला स्वतःची सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणारे नियम) लावा. क्लायंट नाही, डेडलाइन नाही, युजर एकच आणि तोही कटकट्या, म्हणजे आपणच.

कशालाही हात लावायच्या आधी ओपीएमएल एक्सपोर्ट करून ठेवा. तुमच्या सगळ्या फीडच्या पत्त्यांची ती साधी यादी असते आणि बहुतेक रीडर ती उघडतात. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा बिऱ्हाड हलवायला हीच कामाला आली.

आता सीएसएस लिहायची कुठे? तुमचा रीडर मिनिफ्लक्स असेल तर सेटिंगमध्ये त्यासाठी रकाना आहेच, फ्रेशआरएसएस असेल तर त्याला युजर सीएसएस नावाचं एक्स्टेन्शन मिळतं, आणि तुमचा रीडर यातला नसेल पण ब्राउझरमध्ये उघडत असेल तर स्टायलस हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाका. फक्त स्टाइल त्या एकाच डोमेनला लावा, नाहीतर बँकेची साइटसुद्धा तुमच्या आवडत्या फॉन्टमध्ये दिसायला लागेल.

मग ब्राउझरमध्ये राइट-क्लिक, इन्स्पेक्ट करून लेखाचा मजकूर कुठल्या डब्यात आहे ते शोधा. क्लासचं नाव म्हणजे नुसती अक्षरं-आकड्यांची खिचडी दिसली तर त्याच्या नादी लागू नका, पुढच्या अपडेटला ते बदलतं. आर्टिकल, मेन असले टॅग किंवा रोल, आरिया-लेबल (aria-label) असे अ‍ॅट्रिब्यूट धरा. आतल्या मजकुरात तर पी, ब्लॉककोट, प्री एवढ्यावरच भागवायचं, कारण बरेच रीडर मूळ साइटचे क्लास काढूनच टाकतात.

खरी मजा टायपोग्राफीत आहे, तिथे वेळ घालवा. ओळीची मॅक्स-विड्थ ६५ सीएचपासून सुरू करा, पण सीएच म्हणजे त्या फॉन्टमधल्या इंग्रजी शून्याची रुंदी, त्यामुळे मराठी मजकुराला आकडा डोळ्याने बघूनच ठरवावा लागतो. लाइन-हाइट इंग्रजीला १.५ चालते, देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात म्हणून मी १.८ ठेवतो. आणि लेटर-स्पेसिंग मराठीला अजिबात देऊ नका. शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. इंग्रजी हेडिंगसाठी दिलेलं स्पेसिंग गुपचूप मराठी हेडिंगलाही लागतं, ते तपासा.

चित्रांच्या बाबतीत मी आपटलोय ते सांगतो. मोठे फोटो डब्याबाहेर जात होते म्हणून घाईत सगळ्या इमेजला विड्थ १०० टक्के दिली आणि दुसऱ्या दिवशी एका लेखात स्क्रीनभर पिवळा हसरा चेहरा! काही फीडमध्ये इमोजी चित्र म्हणून येतात, ते बिचारं बारकंसं चित्र मी ताणून पाटाएवढं केलं होतं. विड्थ नाही, मॅक्स-विड्थ १०० टक्के द्यायची आणि हाइट ऑटो. कोडच्या डब्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो, विषय संपला.

डार्क मोडसाठी प्रेफर्स-कलर-स्कीमची मीडिया क्वेरी पुरते, सिस्टिम बदलली की रंग आपोआप बदलतात. पण पारदर्शक पीएनजीमधल्या काळ्या रेघांच्या आकृत्या काळ्या पार्श्वभूमीत गडप होतात, आपल्याला वाटतं चित्र लोडच झालं नाही. डार्क मोडमध्ये इमेजला फिकट बॅकग्राउंड द्या.

न वाचलेल्यांचा आकडा मी सरळ डिस्प्ले नन करून टाकलाय. ८४७ बघून वाचायची इच्छाच मरते. तुम्हाला तो आवडत असेल तर ठेवा, पण निदान त्याचा लाल रंग तरी काढा.

एवढं झालं की आठवडाभर फाइल उघडायची नाही, नुसतं वाचायचं, आणि जे खटकेल ते कागदावर टिपायचं. मग एकदाच बसून दुरुस्त करा आणि फाइल गिटमध्ये (फाइलमधले बदल जपून ठेवणारं टूल) टाका, सिंक चालू केलं नसेल तर स्टायलसची स्टाइल ब्राउझरमध्येच राहते, मशीन बदललं की गेली. प्रत्येक नियमावर तो का लिहिला याची एका ओळीची कमेंट पण टाका, माझ्या फाइलमध्ये इमेजच्या वर "पिवळा चेहरा" एवढंच लिहिलंय आणि मला ते पुरतं.