कुंभार्ली घाटात काटा लालला टेकला तेव्हा

चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात टेंपरेचरचा काटा थेट लालला टेकला. एसी बंद करून कडेला थांबलो. रेडिएटरचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पुढच्या जाळीचं) झाकण उघडायचा मोह आवरला. गरम कूलंट (त्यात फिरणारं, इंजिन गार ठेवणारं द्रव) तोंडावर उसळतं. घरी गाडी पूर्ण गार झाल्यावर पाहिलं, कूलंट पातळीला, गळती नाही. मग टॉर्च मारला. एसी कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या फटीत पाचटाचा भुगा, किडे, माती यांची चक्क गोधडी! प्रेशर वॉशर मुद्दाम टाळला, त्यानं फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) आडव्या होतात. साध्या नळीनं इंजिनाकडून बाहेर पाणी मारलं, मऊ ब्रश उभाच फिरवला. वाकलेल्या दोन-चार फिन्स टूथपिकनं सरळ केल्या (बायको हसत होती). परवा त्याच घाटात एसी लावून चढलो; काटा मध्यावरच.