घरात काढा, नेती, रेकी सगळं एकदम सुरू झालं की काय करायचं

नाशिकमधे गंगापूर रोडच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी सहाला जिना चढा, एका घरातून कपालभातीचा फसफस आवाज, दुसऱ्यात मिक्सरवर दुधीचा ज्यूस, तिसऱ्यात मोबाईलवर ओंकार. त्यात वाईट काही नाही हो, पण एकाच घरात सासऱ्यांचा आयुर्वेद, नणंदेची होमिओपॅथी, धाकट्या जावेची रेकी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला काढा असं सगळं एकत्र चाललं की कोणाला कशाने बरं वाटलं आणि कोणाला कशाने त्रास झाला, काही पत्ता लागत नाही. बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण कोणी ऐकणारही नाही. पण घरात आणायचंच तर जरा शिस्तीत आणा.

कालनिर्णयवर आपण दुधाचा खाडा लिहितो ना, त्याच चौकोनात लिहायला लागा. अण्णा, गुळवेल, सकाळी, इतकंच. एका माणसाची एका वेळी एकच नवीन गोष्ट, दोन-तीन आठवडे तेवढीच, मग पुढची. हे ऐकायला सोपं आहे पण घरात पाळायला लय जड, कारण प्रत्येकाला आपलंच औषध दुसऱ्याला पाजायची हौस असते.

डॉक्टरांनी दिलेली बीपी, शुगर, थायरॉईडची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हा नियम फ्रिजवर चिकटवा. आणि गोळी चालू आहे तर नवीन काही घेण्याआधी त्या डॉक्टरांना विचारा, तेही 'थोडं आयुर्वेदिक घेतो' असं मोघम नाही, डबीचा फोटो काढून दाखवा. शुगरच्या गोळीवर रोज कारल्याचा रस ढोसला तर शुगर खाली जाऊ शकते, मग हात थरथरतात, दरदरून घाम येतो आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आलाय. जेष्ठमध खोकल्याला सगळ्यांच्या घरात असतो, पण रोज भरपूर खाल्ला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. अश्वगंधाने थायरॉईडचे आकडे हलू शकतात. गुळवेलीचं तर कोविडनंतर इतकं वेड लागलं की लोक कुंपणावरची कुठलीही वेल तोडून उकळायला लागले. 2021 मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वेल ओळखण्यात गडबड झाली असेल म्हणाले. वाद त्यांचा चालू द्या, आपण ओळख पटल्याशिवाय वेल उकळायची नाही, आणि लिव्हरचा त्रास असेल तर घ्यायचीच नाही.

दुधीच्या ज्यूसचं एकच लक्षात ठेवा. दुधी चिरला की आधी छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी कचऱ्यात, साखर-लिंबू घालून गोड करायचा प्रयत्न नको. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्त पडणं इथपर्यंत जातं, माणसं दगावलीही आहेत.

आता जलनेती, म्हणजे कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुणं. आपल्याकडे थंडीत नाकं चोंदायला लागली की नेतीपात्राची आठवण येते आणि इथेच लोक घोळ घालतात. नळाचं पाणी सरळ नाकात घालायचं नाही. पाणी नीट उकळायचं आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवायचं. पिण्याचं पाणी वेगळं आणि नाकातून आत जाणारं वेगळं, कारण गोड्या पाण्यात कधीकधी एक अमिबा असतो तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो, केरळात त्याच्या केसेस झाल्यात. पोटात गेला तर काही होत नाही, नाकातून गेला तर जीवावर. अर्धा लिटर पाण्याला एक सपाट चमचा साधं मीठ, म्हणजे साधारण साडेचार-पाच ग्रॅम. मीठ कमी पडलं तर नाकात झणझणतं, जास्त झालं तरी चुरचुरतं, हाताच्या कोपरावर थेंब टाकून गरम किती ते बघा. बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती करा, वरच्या नाकपुडीला नळी लावा आणि तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, हे विसरलात तर पाणी घशात उतरणार आणि ठसका लागणार. खालच्या नाकपुडीतून धार आपोआप येते, ओढायची नाही. झालं की पुढे वाकून हळूहळू फुंकर मारत नाक कोरडं करा, दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नका, कान दुखतात. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान फुटलेला असेल तर त्या दिवशी नेती नाहीच. आणि पात्र ज्याचं त्याचं.

कपालभाती पोटुशी बाईने, हर्नियावाल्याने, बीपी आटोक्यात नसलेल्याने आणि नुकतं ऑपरेशन झालेल्याने करायची नाही. टीव्हीसमोर बसून आकडे मोजत स्पर्धा लावणारे काका मला अजिबात आवडत नाहीत.

बाळाच्या गुटीवरून भांडणं होतातच. सहाणेवर हळकुंड, जायफळ, वेखंड उगाळताना आजी मधाचं बोट चाटवतेच, तिथे मात्र गप्प बसू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, त्यातल्या जंतूने बाळ लुळं पडू शकतं. आजीला सांगायचं, "आई, डॉक्टरांनी मध नको सांगितलाय", सुनेचं नाही तर डॉक्टरांचं तरी ऐकतात. आणि गुटीचं काय काय द्यायचं ते बाळाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं आणि आपल्याला वाटतं किती शांत झोपलंय.

जायचंच असेल तर शिकलेल्या माणसाकडे जा. वैद्य बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेला आहे का, नोंदणी नंबर भिंतीवर लावलाय का बघा, बिचकू नका, विचारा. नाशिकमधे तर याला तोटा नाही, पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून, तिथल्याच परीक्षा देऊन राज्यभरचे आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर बाहेर पडतात. डबीवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटक नसतील तर घेऊ नका, पुडीत बांधून दिलेली भस्मं तर नकोच, त्यात पारा-शिसं किती ते कोण बघणार. 'डायबेटीस मुळापासून बरा' असं लिहिलेला बोर्ड दिसला की पुढे चला, अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्यानेच बंद आहे.

रेकीबद्दल फार बोलत नाही. जपानमधे 1922 च्या सुमारास सुरू झालेली गोष्ट, शेजारच्या काकूंनी डोक्यावर हात ठेवला आणि आईला शांत वाटलं तर वाटू द्या. पण दुसरी लेव्हल, तिसरी लेव्हल म्हणत पैसे मागायला लागले किंवा गाठीवर हात ठेवून 'तपासणी नको' म्हणाले की उठून यायचं.

विपश्यनेला आपल्याला लांब जायला नको, इगतपुरीचं धम्मगिरी हे ध्यानाचं केंद्र 1976 पासून आहे, नाशिकरोडहून गाडीत बसलं की झालं. दहा दिवसांचं शिबिर, फी नाही, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, मोबाईल जमा, संध्याकाळी जेवण नाही, नवीन माणसाला चहा आणि फळं. म्हणून शुगरवाल्याने आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असणाऱ्याने आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायचं, फॉर्ममधे सगळं खरं लिहायचं, नापास करतील या भीतीने लपवायचं नाही. आणि घरी सगळ्यांना ठणकावून सांगून जा की फोन लागणार नाही, नाहीतर तिसऱ्या दिवशी मावशी-आत्यासकट अख्खं खानदान गेटवर हजर.